गिटार स्वतः शिकताना चूक सांगणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गोरेगावला वन-रूम-किचन, रात्री साडेआठला घरी पोचणं, हातात रोज जेमतेम ४० मिनिटं. चुलतभावाकडे पडून असलेली गिटार आणून तीन महिने व्हिडिओ बघत सराव चालू आहे. सी, जी, ए मायनर लागतात, पण कॉर्ड (एकत्र छेडायचा स्वरांचा गट) बदलताना गाणं तुटतं. एफ काही केल्या लागत नाही. पाऊस सुरू झाल्यापासून तारा आणखी कडक झाल्यात. क्लास लावावा, की असंच रेटावं?

असंच रेटू नका, पण क्लासची घाईही नको. व्हिडिओंमध्ये माहिती हवी तेवढी आहे. तिथे मिळत नाही ते एवढंच: "थांब, पुन्हा वाजव, तिसरी तार मेली" असं म्हणणारं माणूस. ते काम बऱ्याच अंशी ट्यूनर (तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र), मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिकणारं यंत्र), आरसा आणि फोनचं रेकॉर्डिंग यांच्याकडून काढून घेता येतं. मात्र त्याआधी गिटार तपासा, कारण तुमच्या तीन तक्रारींपैकी निदान दीड तक्रार गिटारची दिसते.

सुरुवात ब्रिजपासून. तारा जिथे बांधलेल्या असतात त्या पट्टीच्या मागच्या कडेखाली साध्या कागदाचा कोपरा सरकवून बघा. कागद आत शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय. तारा सैल करा आणि दुरुस्तीला न्या. दुसरं, तारा स्टीलच्या आहेत की नायलॉनच्या? ब्रिजवर पांढऱ्या-काळ्या खुंट्या असतील तर गिटार स्टीलच्या तारांची. खुंट्या नसून तारा ब्रिजला गाठ मारून बांधल्या असतील आणि डोक्याला लांबट खाचा असतील तर ती क्लासिकल, तिला नायलॉनच. क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा चढवल्या की काही महिन्यांत पोट फुगतं किंवा ब्रिज उखडतो. पडून असलेल्या गिटारींत हा प्रकार फार आढळतो.

मग तारांची उंची. स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली. बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीच्या, धातूपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड सहाव्या तारेला २.५ मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक पहिल्या तारेला २ मिलिमीटरच्या आसपास अंतर असेल तर उत्तम. ३.५ आलं तर बोटांना दोष देणं बंद करा.

एफचं दुखणं मात्र बहुतेकदा दुसऱ्याच टोकाला असतं, नटपाशी. नट म्हणजे डोक्याजवळची खाचांची पट्टी. स्वस्त गिटारींत या खाचा कारखान्यातून पुरेशा खोल करून येत नाहीत, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागतो, आणि एफ नेमका पहिल्या फ्रेटवर. परीक्षा सोपी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते बघा. केसाएवढी फट हवी. व्हिजिटिंग कार्ड सहज सरकलं तर नट उंच. आणखी एक खात्रीची चाचणी: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि एफचाच आकार एक घर (दोन फ्रेटमधली जागा) पुढे धरा. एकदम सोपा वाटला, तर गुन्हेगार सापडला. नटच्या खाचा कानशीने घरी घासू नका. एक घास जास्त झाला की मोकळी तार भणभणते आणि नट बदलावा लागतो.

आता पावसाळा. लाकूड हवेतली ओल पितं, वरची फळी फुगते, तिच्यासोबत ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. तुमच्या "कडक" तारांचं कारण बहुधा हेच. गिटारीला सुमारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते; मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८५ च्या वर सहज जाते. गिटार बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका, बॅगेत सिलिका जेलच्या दोन-तीन मोठ्या पिशव्या टाका आणि त्या महिन्यातून एकदा वाळवा. कॅनव्हासची बॅग पावसात भिजली असेल तर गिटार त्यात परत ठेवण्याआधी बॅग पूर्ण सुकू द्या, नाहीतर आत बुरशी धरते. आणि ऑगस्टमध्ये सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून तारा खाली आणायचा मोह टाळा. फळी डिसेंबर-जानेवारीत पुन्हा बसते आणि मग तीच गिटार प्रत्येक घरात भणभणते. अगदीच असह्य झालं तर दुसरा सॅडल पावसाळ्यापुरता बनवून घ्या, जुना जपून ठेवा. हिशेब लक्षात असू द्या: बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर कमी करायचा तर सॅडलचे २ मिलिमीटर जातात.

तारा जुन्या असतील तर त्या आधी बदला. घामट हवेत साध्या तारांचं आयुष्य दोन-तीन महिने. वाजवून झाल्यावर जुन्या सुती साडीच्या तुकड्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसली तर थोडं वाढतं. नवशिक्याने १२ चा (पहिली तार ०.०१२ इंच जाड असलेला) संच घेऊ नये. त्याचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे जातो. १० किंवा ११ चा घ्या. चढवताना तारेचं गोळीचं टोक खुंटीच्या टोकावर अडकून न राहता फळीच्या आतल्या बाजूला टेकलं पाहिजे. म्हणून खुंटी हलकी दाबून धरत तार वर ओढा आणि टेकल्याचा अंदाज आला की मगच ताण द्या. हे चुकलं की खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी उडते. डोक्यावरच्या, तार पिळायच्या किल्लीवर जाड तारेचे दोन, बारीक तारेचे तीन वेढे पुरतात. नवी तार पहिले दोन दिवस उतरत राहणार. बोटांनी हळू ओढून ताणा, पुन्हा लावा, असं तीन-चारदा करा.

लावणं ट्यूनरवर करा, आणि हे आग्रहाने सांगण्याचं कारण आपल्याकडचंच आहे. तानपुरा ऐकून वाढलेल्या कानाला गिटारचा गंधार खुपतो. गिटारची फ्रेट सप्तकाचे १२ समान भाग करून बसवलेली असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका घराच्या अंतराचे १०० सेंट) चढा असतो. चांगल्या कानाचा माणूस जी कॉर्ड वाजवतो, त्याला दुसरी तार चढलेली वाटते, तो ती जरा उतरवतो, जी गोड लागतो. मग ई वाजवला की तीच मोकळी तार तिथे पंचम असते आणि तो पंचम बेसूर होतो. हा लपंडाव संपत नाही. सहा तारा ट्यूनरवर बरोबर आल्या की हात काढा. जाड तारेकडून बारीककडे स्वर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. स्वर चढा गेला तर आधी खाली उतरवा आणि खालून वर येत थांबा. वरून खाली आणून सोडलेली तार किल्लीच्या ढिलाईने थोड्या वेळात आणखी उतरते.

आता हात. सोफ्यावर किंवा गादीवर बसून सराव नको. हात नसलेली खुर्ची किंवा प्लॅस्टिकचं स्टूल घ्या. बोटं दिसावीत म्हणून गिटार आपल्याकडे झुकवली की डावं मनगट आपोआप मुडपतं आणि बोटं आडवी पडतात. गिटार उभी ठेवा, समोर आरसा ठेवा, आरशात बघा. तार फ्रेटच्या धातूला लागून, त्याच्या किंचित मागे दाबायची. जोर किती? बोट तारेवर नुसतं ठेवा, उजव्या हाताने तार छेडत राहा आणि डावीकडचा दाब हळूहळू वाढवा. आधी थप्प, मग भणभण, मग स्वर. स्वर स्वच्छ झाला तिथे थांबा. तेवढाच जोर लागतो. तीन महिने झालेले बहुतेक लोक त्याच्या कितीतरी जास्त लावत असतात. बोटांची टोकं पहिले तीन-चार आठवडे दुखणं ठीक. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा दंड दुखणं ठीक नाही, आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या तर वाजवणं थांबवून डॉक्टरला दाखवा.

कॉर्ड धरलात की एकदम झणकारू नका. सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार वेगळी छेडा. गुरुजींचं अर्धं काम हेच असतं. मेलेली तार सापडली की तिच्यावर कोणतं बोट कलंडलंय ते बघा. सीमध्ये बहुतेक वेळा पहिली तार मरते, कारण तर्जनीची खालची बाजू तिला टेकते; तर्जनी अधिक उभी करा. डीमध्येही पहिलीच मरते, पण तिथे दोषी अनामिका. भणभणीचंही असंच निदान करता येतं. फक्त मोकळी तार भणभणते तर नटची खाच खोल गेलीय. पहिल्या चार घरांत भणभणते तर नेक (गिटारची मान) जास्त सरळ झालीय. एकाच घरात भणभणते तर त्याच्या पुढचं फ्रेट उंच आहे. आणि कुठेही, कधीही भणभणते तर बोट फ्रेटपासून लांब पडतंय.

कॉर्ड बदलणं हा तुमचा मुख्य प्रश्न, म्हणून इथे जरा थांबू. अडखळणारा माणूस सगळी बोटं उचलतो, हवेत क्षणभर विचार करतो आणि एकेक बोट खाली ठेवतो. त्यावर उपाय म्हणजे दोन कॉर्डमधलं सामाईक काय ते आधी शोधणं. ए मायनरवरून सीला जाताना तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या घरात, मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या घरात, दोन्ही जागच्या जागी राहतात. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरात जाते. म्हणजे तो एका बोटाचा बदल आहे! ए मायनरवरून ईला जाताना तर आकारही बदलत नाही, अख्खा आकार एकेक तार वर, जाड तारांकडे, सरकतो. जी तुम्ही बहुधा तर्जनी-मधल्या बोटाने धरत असाल. तो मधलं बोट, अनामिका आणि करंगळीने धरायची सवय लावा: मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या घरात, अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या, करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या. करंगळी आठवडाभर कुरकुर करेल. पण मग सीला जाताना मधलं बोट आणि अनामिका दोघं हातात हात घालून एक तार खाली येतात आणि तर्जनी मोकळीच असते, ती आपल्या जागी पडते.

दोन कॉर्डची एक जोडी घ्या, फोनवर एक मिनिट लावा आणि किती स्वच्छ बदल झाले ते मोजून वहीत लिहा. मिनिटाला ३० झाले की ती जोडी गाण्यात चालते; ६० झाले की तिचा विचार करावा लागत नाही. रोज तीन जोड्या, प्रत्येकीला दोन मिनिटं. आकडा लिहिल्याशिवाय हा सराव निरुपयोगी, कारण "आज बरं वाजलं" हे आपलं आपल्याला नेहमीच वाटतं.

एवढं करूनही गाणं तुटत असेल तर दोष उजव्या हाताचा. डावा हात उशिरा पोचला की उजवा त्याची वाट बघत थांबतो. नियम उलटा पाहिजे: उजवा थांबणार नाही, डावा पोचला नसेल तर मोकळ्या तारा वाजतील, वाजू देत. हे अंगवळणी पाडायला मेट्रोनोमच्या टिकटिकीपेक्षा आपला केहरवा जास्त कामाचा. धा गे ना ती, न क धी न, आठ मात्रा. हात घड्याळाच्या लंबकासारखा हलता ठेवा, विषम मात्रांना खाली, सम मात्रांना वर. आता तारांना स्पर्श फक्त पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या मात्रेला करा. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात फिरतो, पण हवेतून. जगभर नवशिक्यांना पहिला शिकवला जाणारा झणकार तो हाच, आणि त्यातली सगळ्यांना चकवणारी रिकामी फेरी केहरव्याच्या 'खाली'वर (टाळी नसलेल्या जागी), म्हणजे पाचव्या मात्रेवर येते. तोंडाने बोल म्हणत वाजवलं तर ती आपोआप सुटते. मेट्रोनोम ६० वर ठेवा, एका ठोक्याला दोन मात्रा, आणि आधी एकाच कॉर्डवर पाच मिनिटं. दादऱ्याची गाणी याहून सोपी: पहिल्या मात्रेला एक जाड तार, दोन-तीनला खालच्या तारांवर हलका झणकार, चौथ्याला दुसरी जाड तार, पाच-सहाला पुन्हा झणकार. सीवर पाचवी तार आणि मग चौथी.

शाळेत कधी पेटीवर बसला असाल तर आणखी एक फायदा उठवा. पांढरी एकचं सप्तक पहिल्या तीन घरांत असं सापडतं: सा पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरात, रे चौथी मोकळी, ग चौथीच्या दुसऱ्या घरात, म चौथीच्या तिसऱ्या, प तिसरी मोकळी, ध तिसरीच्या दुसऱ्या, नि दुसरी मोकळी, वरचा सा दुसरीच्या पहिल्या घरात. पहिल्या घराला तर्जनी, दुसऱ्याला मधलं बोट, तिसऱ्याला अनामिका. यावर सारेग, रेगम, गमप असे पलटे रोज पाच मिनिटं, तोंडाने म्हणत. डाव्या-उजव्या हाताचा मेळ बसायला यासारखं काही नाही, आणि हे करणाऱ्याला पुढे चाल कानाने काढता येते.

पट्टी बदलायला कॅपो. काळी एकमध्ये गायचं तर पहिल्या घरात कॅपो लावून सीचे आकार, किंवा चौथ्या घरात लावून एचे. पांढरी चारला तिसऱ्या घरात कॅपो आणि डीचे आकार. काळी चारला पहिल्या घरात कॅपो आणि जीचे, काळी पाचला तिसऱ्या घरात कॅपो आणि जीचे. कोणत्याही भावगीताला आधी सा, म आणि प यांवरच्या कॉर्ड लावून बघा. चालीत कोमल गंधार ठळक असेल तर सावरची कॉर्ड मायनर. रागाशी घट्ट बांधलेल्या चालीला कॉर्ड चिकटवत बसू नका. तिथे नुसता सा-प धरलेला जास्त शोभतो.

एफचा मार्ग. महिनाभर पूर्ण एफ सोडा. आधी चारच तारांचा लहान एफ: तर्जनी पहिल्या दोन तारांवर पहिल्या घरात, मधलं बोट तिसरीच्या दुसऱ्या, अनामिका चौथीच्या तिसऱ्या. दरम्यान आडव्या तर्जनीचा सराव पाचव्या घरात करा, तिथे तारा मऊ लागतात. तोच आकार तिथे ए होतो. तर्जनी तळव्याच्या बाजूने सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या हाडाच्या कडेवर थोडी कलती ठेवा, आणि अंगठ्याने चिमटा काढण्यापेक्षा कोपर मागे ओढा. जोर दंडातून येतो. पाचवरून चार, तीन, दोन असं आठवड्याला एकेक घर मागे या. नट ठीक असेल तर दोन महिन्यांत एफ लागतो.

रात्री शेजाऱ्यांचा प्रश्न असतोच. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवा, आवाज खोलीबाहेर जात नाही. जोड्यांची मोजणी आणि पलटे तसेच करा. झणकाराला ०.४६ ते ०.६ मिलिमीटरचं पातळ पिक (तारा छेडायची चकती) घ्या, ते हातातून निसटतही नाही.

दर शुक्रवारी एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, चुका झाल्या तरी न थांबता, फोनवर रेकॉर्ड करा आणि शनिवारी ऐका. वाजवून लगेच ऐकलं तर कान माफ करतात. फक्त एकच चूक निवडा आणि पुढचा आठवडा तिच्यावर घालवा. क्रम काय ठेवावा सुचत नसेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षांतल्या इनिशियल (अगदी पहिली पायरी) आणि पहिल्या ग्रेडचा अभ्यासक्रम डोळ्यांसमोर ठेवा, परीक्षा द्यायलाच हवी असं नाही. आणि नियमित क्लास नको असला तरी जाणत्या शिक्षकाचा एक तास पैसे देऊन घ्या. "शिकवा" म्हणू नका, "माझं मनगट, अंगठा आणि उजव्या हाताचा झोका बघा" म्हणा. आरशात न दिसणाऱ्या चुका तो दहा मिनिटांत सांगेल. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा.

गिटार दुरुस्तीला न्यायची तर रविवारी दुपारी निघा, कामाच्या दिवशी गर्दीच्या लोकलमध्ये नेकचा निकाल लागतो. बॅग पाठीवर न ठेवता पुढे घ्या आणि डोकं खाली वाकवा, नाहीतर दारातल्या दांड्याला किल्ल्या आपटतात. धोबी तलावला जेर महलमध्ये फर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे. तारा, कॅपो, पिक एका फेरीत होतात, पण रविवारी उघडं आहे का ते आधी फोनवर विचारा. दुरुस्ती करणाऱ्याला नुसतं "सेटअप करा" म्हणू नका. बाराव्या फ्रेटवर मोजलेले दोन आकडे आणि नटच्या कार्डाची गोष्ट सांगा, नटच्या खाचा तपासायला लावा, ११ च्या तारा चढवून घ्या, सॅडल तूर्त आहे तसाच ठेवायला सांगा. परत घेताना तिथेच बसून प्रत्येक तार प्रत्येक घरात एकदा वाजवून बघा.